समावेशाची सीमारेषा : माणच्या शिवारांतून दिसणारा घरांचा इतिहास

सरकारी भाषेंतील कांहीं शब्द इतके उदार असतात कीं, ते कानीं पडतांच ऐकणाराचें समाधान होतें आणि त्यांच्या पोटांत काय सांठविलें आहे हें उघडून पाहण्याची गरज त्याला वाटत नाहीं. ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण’ हा अशा शब्दांपैकींच एक होय. ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण, त्यांचा समावेश कोठें करावयाचा, आणि त्यासाठीं लागणारा पैसा कोणाच्या खिशांतून यावयाचा, हे तीन प्रश्न त्या शब्दाला विचारले पाहिजेत. त्यांचीं उत्तरें कायद्याच्या पुस्तकांत मिळतात. पण त्याहून अधिक स्पष्टपणें तीं एखाद्या गांवाच्या शिवारांत मिळतात. प्रस्तुत लेखांत त्यासाठीं माण हें गांव निवडलें आहे.

पुण्याच्या पश्चिमेस, हिंजवडीच्या पलीकडे, मुळशी तालुक्यांत हें गांव आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर जगलेल्या या गांवाच्या शिवारांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा पसरला. शिवाजीनगरच्या न्यायालयापाशीं एक टोंक असलेल्या सुमारें तेवीस किलोमीटर लांबीच्या मेट्रोमार्गाचें दुसरें टोंक व आगार याच गांवीं आखलें गेलें. नामांकित कंपन्यांच्या येथील कार्यालयांत संगणकापुढें बसणारे आहेत. तसेच तीं कार्यालयें झाडणारे, त्यांच्या दाराशीं पहारा करणारे, उपाहारगृहांत पोळ्या लाटणारे, मोटारी हांकणारे आणि नव्या इमारतींचे मजले चढविणारेही आहेत. या दुसऱ्या वर्गानें रात्रीं पाठ कोठें टेकावयाची, हा प्रश्न वरवर पाहतां आजचा वाटतो. परंतु त्याचीं मुळें शंभर वर्षांच्या इतिहासांत गेलेलीं आहेत. तो इतिहास क्रमानें पाहूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. घर कोणास मिळणार याचा निकाल पाया खणण्याच्या फार आधीं एका रेषेनें लागलेला असतो. ही रेषा कधीं नकाशावरील हद्द असते, कधीं नोंदवहींतील तारीख असते, कधीं उत्पन्नाचा वा क्षेत्रफळाचा आंकडा असतो. सरकारनें पैसा किती दिला यापेक्षां ही रेषा कोणीं, कोठें आणि केव्हां ओढली, यावरच वस्त्यांचें भवितव्य अधिक अवलंबून राहिलें आहे, असें आमचें मत आहे.

याच तालुक्यांत या गोष्टीचा प्रत्यय फार कठोरपणें आला होता. मुळशी येथें टाटांच्या वीज कंपनीनें बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं चालविलेला हा लढा १९२४ पर्यंत टिकला. माण हें बुडालेल्या गांवांपैकीं नव्हे. परंतु त्या लढ्यानें जो प्रश्न पुढें आणला तो पुढें माणच्याही वांट्यास आला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर सरकारनें जमीन घेतली आणि ती कंपनीच्या स्वाधीन केली. मोबदला द्यावयाचा तो कागदोपत्रीं मालक असलेल्यास. पण मुळशी खोऱ्यांतील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नांवें चढलेल्या होत्या. त्यांस मोबदल्याचा दर तेवढा महत्त्वाचा होता. ज्या कुळाचें घर, खळें, गोठा आणि देऊळ त्या खोऱ्यांत होतें, त्याचें नांव मात्र मालकीच्या रकान्यांत नव्हतें. जमीन गेल्यावर त्यानें राहावयाचें कोठें, हा प्रश्न त्या कायद्यास ठाऊकच नव्हता. कायद्याला शेत दिसत होतें, घर दिसत नव्हतें. आणि शेतांतही त्याला मालक दिसत होता, कसणारा दिसत नव्हता. पहिली रेषा येथें ओढली गेली.

ज्या मुंबईला ही वीज हवी होती, त्या मुंबईंत त्याच सुमारास सरकार प्रथमच मोठ्या प्रमाणावर मजुरांसाठीं घरें बांधूं लागलें होतें. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं तेथें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. त्यानें दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानानें नव्या खोल्या पुरविल्या नाहींत. पुढें गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, स्वतंत्र विकास खातें निघालें. त्यानें ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला आणि खर्चासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविला. वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्यांची संख्या मात्र सुमारें सोळा हजारांवर थांबली. त्यांतल्याही पुष्कळ खोल्या आरंभीं रिकाम्या पडल्या, कारण गिरणीकामगाराला परवडेल त्याहून त्यांचें भाडें अधिक होतें. तरीही या चाळींच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जमीन सरकारी होती आणि ती सरकारीच राहिली. म्हणून मुंबईंतील जागेचे भाव आकाशाला भिडल्यावरही त्या खोल्या शंभर वर्षें श्रमिक कुटुंबांच्या हातीं टिकल्या आणि एकविसाव्या शतकांत त्या जागीं नव्या इमारती उठूं लागल्या तेव्हां त्या कुटुंबांचा हक्क कोणास डावलतां आला नाहीं.

तुलनेसाठीं व्हिएन्ना शहराकडे पाहावें. त्या नगरपालिकेनें १९२३ सालीं पंचवीस हजार घरांची योजना हातीं घेतली आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरें बांधलीं. त्यासाठीं बसविलेला घरबांधणी कर मोठ्या घरांवर जड व लहान घरांवर हलका होता, आणि भाडें इतकें कमी ठेविलें होतें कीं, मजुराच्या वेतनाचा त्यांत फार थोडा अंश जाई. मुंबईनें कर कापसाच्या गांठीवर बसविला व बांधणीचा खर्च भाड्यांतून परत यावा अशी अपेक्षा ठेविली. व्हिएन्नानें कर श्रीमंताच्या घरावर बसविला व भाड्याला परतफेडीच्या ओझ्यांतून मुक्त केलें. दोन्हीं ठिकाणीं पैसा सार्वजनिकच होता. त्यानें कोणता भार उचलावयाचा याचा निर्णय मात्र निराळा होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुण्याच्या वेशीशीं आला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरीस वसली. १९५४ सालीं तेथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गांवांच्या शेतांत कारखान्यांचीं धुराडीं दिसूं लागलीं. कारखान्याबरोबर माणसें आलीं. मराठवाड्यांतून, सोलापूर-साताऱ्याकडून, कोंकणांतून, पुढें उत्तरेकडूनही. १९५२ सालीं मध्यवर्ती सरकारनें औद्योगिक कामगारांसाठीं साहाय्यित घरांची योजना काढली होती. तींत राज्य सरकारास निम्मा खर्च अनुदान म्हणून व निम्मा कर्ज म्हणून मिळे. कारखानदारानें स्वतः घरें बांधल्यास शेंकडा पंचवीस अनुदान व साडेसदतीस कर्ज मिळे. योजना चांगली होती; पण तिचा लाभ कारखाने कायद्याखालीं येणाऱ्या कामगारासच होता. जो मजूर कारखान्याची भिंत बांधतो, जो त्याच्या दाराबाहेर हमाली करतो, जी बाई त्या कामगाराच्या घरीं भांडीं घासते, ते या व्याख्येच्या बाहेर राहिले. १९६६ सालीं दुर्बळ घटकांचा समावेश करून ही योजना विस्तारण्यांत आली. परंतु तोंवर झोंपडीनें आपली जागा धरली होती.

१९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. या प्राधिकरणामागची कल्पना मोठी दूरदर्शी होती, हें मान्य केलें पाहिजे. जमिनीचे भाव चढण्यापूर्वींच ती सरकारनें घ्यावी, पेठा आंखाव्या, रस्ते व पाणी पुरवावें, आणि कामगाराला परवडेल अशा दरानें ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें भूखंड व घरें द्यावीं, असा तो बेत होता. दहा गांवांच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर तो उभारावयाचा होता. त्यांतून हजारों कुटुंबांस हक्काचें छप्पर मिळालें, हेंही खरें. परंतु जसजशी निगडीची वस्ती फुलली तसतसा ‘प्राधिकरण’ हा शब्द लोकांच्या तोंडीं सुस्थित लोकांच्या बंगल्यांचें नांव होऊन बसला. भूखंड एकदां हातीं पडला म्हणजे त्याची किंमत वाढविण्यास शहर समर्थ होतें. ती किंमत पुन्हां कामगाराच्या आवांक्यांत आणण्यास प्राधिकरण समर्थ नव्हतें.

दुसऱ्या बाजूस ज्यांनीं जमीन दिली त्यांचा प्रश्न होता. नव्या मुंबईंत १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं रक्त सांडून जो लढा दिला, त्यांतून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व पुढें आलें. तें पिंपरी-चिंचवडलाही लागू झालें. परंतु १९७२ ते १९८३ या काळांत ज्यांची जमीन गेली ते त्यांतून वगळले गेले. एकाच गांवांतील दोन भाऊबंद, एकाच बांधाला लागून असलेलीं त्यांचीं शेतें, आणि त्यांच्या नशिबांत अंतर पाडणारी केवळ संपादनाची तारीख! आधीं दिलें त्यानें कमी मिळविलें; जो उशीरापर्यंत अडून बसला त्याला अधिक मिळालें. सरकारावर विश्वास ठेवण्याचें हें फळ पाहून पुढच्या गांवांनीं काय शिकावें? वगळलेल्यांची मागणी दशकानुदशकें चालली आणि ती पुरती शमण्यापूर्वींच २०२१ सालीं प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा कारभार महानगरपालिका व पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांजमध्यें वांटला गेला. ज्यांना हक्काची जागा परवडली नाहीं त्यांनीं शेतकऱ्यांकडून गुंठा-अर्धा गुंठा विकत घेऊन परवानगीवांचून घरें बांधलीं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें त्यांस नियमित होण्याची वाट दिली. तिच्या तोंडाशींही एक तारीख उभी होतीच, आणि ती पुढें २०२० च्या अखेरीपर्यंत सरकविण्यांत आली.

मध्यंतरीं १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यानें पुणें परिसरांत एका मालकाकडे १००० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन राहूं नये असें ठरविलें होतें. जादा जमीन गरिबांच्या घरांसाठीं मिळावी हा त्याचा हेतु. परंतु सवलती व सूट यांच्या मार्गानेंच तो अधिक चालला. घरांसाठीं प्रत्यक्ष हातीं आलेली जमीन अपेक्षेच्या मानानें थोडी निघाली. २००७ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रानें तो रद्द केला. त्यामुळें स्वस्त जमिनीचा सरकारजवळचा एक साठा, जसा होता तसा, नाहींसा झाला आणि यापुढें गरिबाच्या घराचा भार रोख अनुदानावर व बांधकाम व्यावसायिकाच्या वांट्यावर येऊन पडला.

रोख अनुदानाचें युग २००५ च्या डिसेंबरांत जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानानें सुरू झालें. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांस गरिबांच्या घरांसाठीं निम्मा पैसा मध्यवर्ती सरकारकडून मिळे. घर फुकट न देतां लाभार्थ्यानेंही निदान शेंकडा बारा वांटा उचलावा, आणि मागास वर्गीयांच्या बाबतींत तो दहा असावा, असा नियम होता. चिखली येथें १३,२५० घरांचें ‘घरकुल’ आंखलें गेलें. पुढें तो आंकडा ६,७२० वर आला. काम लांबलें, खर्च वाढला, आणि मध्यवर्ती वांटा पूर्वींच ठरलेला असल्यानें वाढलेल्या खर्चाचा बोजा लाभार्थ्याकडे सरकला. निगडीच्या बाविसाव्या पेठेंत, जेथें पूर्वीं गरिबांस ओटे दिले गेल्यानें ‘ओटा स्कीम’ हेंच नांव रूढ झालें, तेथील झोंपडीवासीयांसाठीं इमारती उठूं लागल्या; पण त्या देहूरोडच्या लष्करी कोठाराच्या निर्बंधित टापूंत येतात असा आक्षेप निघून प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें आणि काम अडलें. पैसा मंजूर होता, माणसें वाट पाहत होतीं, इमारतींचे सांगाडे उभे होते. नकाशावरील एक रेषा पाहावयाची तेवढी राहिली होती.

२०१५ च्या जूनमध्यें प्रधानमंत्री आवास योजना आली. भागीदारींतील परवडणाऱ्या घरांसाठीं तींत प्रत्येक घरामागें केंद्राचें दीड लाख व राज्याचें एक लाख रुपये साहाय्य ठरलें. या योजनेखालीं महानगरपालिकेनें चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी व रावेत येथें मिळून ३,६६४ घरांचा बेत केला. त्यांसाठीं आलेले अर्ज घरांच्या कितीतरी पट होते आणि निवड सोडतीनें करावी लागली. सोडत ही निःपक्षपाती पद्धति आहे यांत शंका नाहीं. पण जेथें ती काढावी लागते तेथें गरज मोजण्याचें काम आपण दैवावर सोंपविलें, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

आतां ज्या धोरणाला ‘सर्वसमावेशक’ हें नांव मिळालें त्याकडे वळूं. ८ नोव्हेंबर २०१३ रोजीं राज्य सरकारनें असा नियम केला कीं, ४००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर निवासी बांधकाम करणारानें शेंकडा वीस हिस्सा दुर्बळ व अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठीं किंवा भूखंडांसाठीं राखावा. म्हाडानें सोडत काढून लाभार्थी ठरवावे, घराची किंमत बाजारभावानें न घेतां बांधकामाच्या सरकारी दरावर शेंकडा पंचवीस अधिक एवढीच घ्यावी, आणि व्यावसायिकाचा तोटा जादा चटई क्षेत्रानें भरून निघावा, अशी ती योजना आहे. २०२० च्या डिसेंबरांत आलेल्या एकत्रीकृत नियमावलींतही ती कायम राहिली. हिच्यामागील विचार उमदा आहे. गरिबांची वस्ती गांवाबाहेर निराळी न टाकतां ज्या रस्त्यावर श्रीमंताचें घर त्याच रस्त्यावर गरिबाचेंही असावें, मुलें एकाच शाळेच्या वाटेनें जावीं, असा तो विचार होय. सरकारी तिजोरींतून प्रत्यक्ष पैसा बाहेर पडत नाहीं, ही तिची दुसरी सोय.

पण पैसा दिसत नाहीं म्हणून तो खर्च होत नाहीं, असें समजणें चूक ठरेल. जादा चटई क्षेत्र हेंही सार्वजनिक धनच आहे. त्याचा भार शेवटीं त्याच रस्त्यांवर, त्याच पाण्याच्या नळांवर पडतो. शिवाय या नियमालाही आपल्या रेषा आहेत. पहिली चार हजार चौरस मीटरांची. जेथें रेषा तेथें तिच्या अलीकडे थांबण्याचा मोह आलाच. २०२२ सालीं नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत अशीं घरें म्हाडाकडे सुपूर्त झालीं नाहींत, हा प्रश्न विधिमंडळांत इतका गाजला कीं, तेथील आयुक्तांची बदली करण्याचा आदेश पीठासनावरून निघाला. दुसरी रेषा दहा लक्ष लोकसंख्येची. ज्या महानगरपालिकांची लोकसंख्या तेवढी आहे त्यांस डोळ्यांपुढें ठेवून नियम रचला गेला. पिंपरी-चिंचवड त्यांत येतें. शेजारच्या माणची गणना त्या काळीं ग्रामपंचायतींत होती. म्हणजे ज्या शिवारांत नवीं कामें सर्वांत वेगानें निघत होतीं आणि उंच इमारती चढत होत्या, तें शिवार सर्वसमावेशक धोरणाच्या मूळ आंखणींत शहर म्हणून मोजलेंच गेलें नव्हतें.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाहीं. असा नियम करणाऱ्या पहिल्या ठिकाणांपैकीं एक म्हणजे अमेरिकेच्या मेरीलँड संस्थानांतील मॉंटगोमेरी काउंटी. तेथें १९७४ सालीं मोठ्या गृहप्रकल्पांत ठराविक हिस्सा माफक किमतीच्या घरांचा ठेवण्याचा कायदा झाला. आणि तो एका शहरास लागू न होतां साऱ्या जिल्ह्यासारख्या विभागास लागू झाला, हें त्याच्या यशाचें एक मुख्य कारण होय. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें माउंट लॉरेल या गांवाविरुद्धच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, कोणत्याही गांवाला जमिनीच्या नियमांच्या आडून गरिबांना वेशीबाहेर ठेवतां येणार नाहीं. आसपासच्या प्रदेशांत जी गरज आहे तिचा न्याय्य वांटा प्रत्येक गांवानें उचललाच पाहिजे. १९८३ सालीं त्या न्यायालयास हेंच पुन्हां अधिक कडक शब्दांत सांगावें लागलें. दोन्हीं उदाहरणांचें सार एकच : घराची गरज हद्द पाहून उत्पन्न होत नाहीं, म्हणून तिचा हिशेब प्रदेशाच्या मापानें केला पाहिजे.

माणपुरता हा प्रदेशाचा विचार २०१५ सालीं, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर, सुरू झाला. चौथ्या टप्प्यासाठीं जमीन देण्यास गांवांत विरोध झालेला होता. त्यामुळें सक्तीच्या संपादनाऐवजीं या प्राधिकरणानें माण-म्हाळुंगे परिसरांत सुमारें अडीचशें हेक्टरांची नगररचना योजना हातीं घेतली. ही पद्धति नवी नव्हे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती चालत आली आहे. तींत सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, उद्यानें यांसाठीं जागा काढतात आणि उरलेली जमीन नीट आंखलेल्या भूखंडांच्या रूपानें मूळ मालकांस परत देतात. गरिबांच्या घरांसाठीं जमीन राखण्याची सोयही कायद्यांत आहे. १९२१ च्या मुळशीकराच्या मानानें माणचा शेतकरी यांत पुष्कळ सुस्थितींत आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. तो हुसकून लावला जात नाहीं, वाढत्या किमतीचा भागीदार होतो. पण तो भागीदार होतो तो मालक म्हणूनच. शंभर वर्षांनंतरही कायद्याला ओळखीचा आहे तो सातबाऱ्यावरील माणूस. त्याच्या शेतावर राबलेला भूमिहीन, आणि त्याच्या खोलींत भाड्यानें राहणारा, या दोघांचें नांव कोठें लिहावयाचें हें अद्याप ठरावयाचें आहे. दरम्यान मेट्रोमार्गाचा पाया २०१८ च्या डिसेंबरांत घातला गेला. त्या सुमारें ८,३०० कोटींच्या कामांत सरकारी पैसा आहे. तो येतांच कडेच्या जमिनींचे भाव चढणें अटळ होतें. चढलेल्या भावांतून गरिबाच्या घरासाठीं किती राखावयाचें, हें आधीं ठरविणें अटळ नव्हतें. तेवढें करावयाचें राहिलें.

मग माणच्या परिसरांतील श्रमिक राहतो कोठें? याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, तो बहुतांशीं शेतकऱ्यानें बांधलेल्या भाड्याच्या खोलींत राहतो. मोबदल्याच्या वा जमीनविक्रीच्या पैशांतून गांवठाणांत व त्याच्या कडेला ज्या चाळी व मजल्यावर मजले उठले, त्यांतील दहा बाय दहाची खोली हेंच येथील खरें परवडणारें घर. तिला सरकारचा एक पैसा लागलेला नाहीं आणि कोणत्याही धोरणांत तिची गणना नाहीं. तिच्यांत उजेड थोडा असतो, पाणी टँकरचें असतें, आणि भाडेकरूच्या हातीं करारनामा सहसा नसतो. करारनामा नाहीं म्हणून पत्त्याचा पुरावा नाहीं; पुरावा नाहीं म्हणून शिधापत्रिका नाहीं; आणि या दोहोंवांचून सोडतीचा अर्ज भरतां येत नाहीं. इमारतीवर काम करणाऱ्या मजुराची अवस्था याहून विलक्षण. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानें मालकानें त्याला कामाच्या जागीं वा जवळपास विनामूल्य तात्पुरता निवारा द्यावा असें ठरविलें. काम संपतांच तो निवारा काढून टाकावा, हेंही त्याच कलमांत आहे. जो माणूस वर्षानुवर्षें इतरांचीं कायमचीं घरें बांधतो त्याचें स्वतःचें घर कायद्याच्या व्याख्येनेंच तात्पुरतें आहे! २०२० च्या टाळेबंदींत हे लोक मुलेंबाळें घेऊन रस्त्यानें चालूं लागले तेव्हां देशाला त्यांची आठवण झाली, आणि त्या जुलैंत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची एक मध्यवर्ती योजना निघाली. भाड्याचें घर हेंही घरच आहे, एवढें तरी त्यामुळें सरकारी कागदावर आलें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. सोलापुरांत विडी वळणाऱ्या स्त्रियांनीं नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें आपली सहकारी संस्था स्थापिली आणि कुंभारी येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें सुमारें दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ सालीं तीं घरें त्यांच्या स्वाधीन झालीं. त्याच वाटेनें पुढें रे नगरची तीस हजार घरांची योजना निघाली आणि तिच्यांतील पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजीं देण्यांत आला. पैसा येथेंही सरकारचाच, योजनाही तीच प्रधानमंत्री आवास योजना. फरक इतकाच कीं, येथें ‘लाभार्थी कोण’ याची यादी सोडतीच्या चक्रांतून निघाली नाहीं. घरें मागणारे लोक आधीं संघटित झाले, जमीन आधीं मिळविली, आणि अनुदान मागून आलें. उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनींच येथें रेषा ओढली, म्हणून ती त्यांच्या पायाखालून गेली नाहीं.

२०२५ च्या मे महिन्यांत राज्य सरकारनें नवें गृहनिर्माण धोरण मंजूर केलें. २०३० पर्यंत पस्तीस लक्ष घरें आणि सत्तर हजार कोटींची गुंतवणूक असा त्याचा संकल्प असून, कामाच्या ठिकाणापासून चालत जातां येईल इतक्या अंतरावर घर हें तत्त्व त्यांत मान्य केलें आहे. तत्त्व उत्तम आहे. परंतु पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोळा हजारांवर आणि तेरा हजार घरांचा सहा-सात हजारांवर कसा येतो, हें आपण वर पाहिलें. म्हणून संकल्पाच्या आंकड्यापेक्षां तीन गोष्टींकडे लक्ष ठेवणें हितावह होईल. रस्ता वा मेट्रो जाहीर होण्यापूर्वीं गरिबांच्या घरांची जमीन बाजूला काढली जाते कीं नाहीं. वीस टक्क्यांचा नियम हद्दीच्या मापानें लागतो कीं प्रदेशाच्या. आणि ज्याच्याजवळ भाडेपावतीही नाहीं त्याचें नांव यादींत चढविण्याची जबाबदारी कोणावर टाकली जाते. यांपैकीं एकही गोष्ट फार खर्चाची नाहीं. पहिलीसाठीं दूरदृष्टि लागते, दुसरीसाठीं नियमांतील एका वाक्याचा बदल लागतो, आणि तिसरीसाठीं माणच्या एखाद्या चाळींत जाऊन खोल्यांचीं दारें ठोठावणारा एक कारकून लागतो.